वर्गाची वेळ कोणासाठी?



आज वेलिंग्टनचा विद्यार्थी आणि मराठवाड्यातील विद्यार्थिनी एकाच वर्गात शिकू शकतात. दोन देशांतील प्राध्यापक मिळून अभ्यासक्रम आखतात आणि मुले संगणकाच्या पडद्यावर एकत्र प्रकल्प करतात. विमानाचे भाडे नाही, व्हिसा नाही. ज्ञानाचे दार सर्वांना खुले झाले, असे आम्हांस वाटू लागते. परंतु दार उघडे असले म्हणजे आत प्रवेश मिळतोच असे नाही, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

प्रथम घड्याळ पाहू. वेलिंग्टन येथील हिवाळ्यात भारताच्या साडेसहा तास पुढे असते, उन्हाळ्यात साडेसात तास. येथे सकाळी १० वाजता भरणारा वर्ग महाराष्ट्रात पहाटे साडेतीनला, कधी अडीचला भरतो. तोच वर्ग येथे सायंकाळी साडेपाचला ठेवला, तर तेथे सकाळचे ११ किंवा १० वाजलेले असतात. एका खोलीत सारे कुटुंब झोपते, त्या घरातील मुलीने मध्यरात्री दिवा लावून कोठे बसावे?

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत. त्यांच्यासाठी वेळापत्रक हाही सामाजिक न्यायाचाच प्रश्न होता. आपल्या या वेलिंग्टनमध्येही १९२२ साली पत्रद्वारा शिक्षण देणारी शाळा निघाली. दुर्गम भागातील मुलांना शाळेपर्यंत येता येत नव्हते, म्हणून शाळाच टपालाने त्यांच्या घरी गेली.

दुसरी गोष्ट आडनावाची. पडद्यावर प्रत्येक चेहऱ्याखाली नाव झळकते. येथील प्राध्यापकास त्यातून काहीच कळत नाही. गटातील काहींना मात्र सारे कळते. मग कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला केवळ टिपणे काढावयास लावायचे, हे न बोलता ठरते. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ साली आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला. न्यूझीलंडच्या १९९३ च्या मानवी हक्क कायद्यात वंश, वर्ण व धर्मश्रद्धा यांचा उल्लेख आहे. ‘जात’ हा शब्द नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. वैद्यकीय महाविद्यालयात असताना आम्ही उत्तर ठाऊक असूनही, इंग्रजी उच्चाराला वर्ग हसेल या भीतीने, मागच्या बाकावर गप्प बसलो आहोत. ते मौन अज्ञानाचे नव्हते. याच देशाने १९८७ साली माओरी भाषेस राजभाषेचा दर्जा दिला. तेव्हा मातृभाषेत विचार मांडण्याचा मान येथील विद्यापीठांना समजावून सांगणे कठीण जाऊ नये.

रोग्यास विचारल्यावाचून आम्ही निदान करीत नाही. या वर्गांचे नियमही पलीकडच्या मुलांना विचारूनच ठरावेत. आपली मुले अशा वर्गात असतील, तर त्यांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा : गैरसोयीची वेळ दोन्ही देशांनी आळीपाळीने सोसावी, व्याख्यान लेखी स्वरूपातही मिळावे, म्हणजे जोडणी तुटली तरी अभ्यास तुटणार नाही, गटातील कामे फिरती असावीत, आणि भेदभावविरोधी नियमांत जातीचे नाव असावे.

आमच्यापैकी बहुतेकांसाठी कोणीतरी, कोठेतरी, वेळापत्रक बदलले होते. म्हणून आज आम्ही येथे आहोत. आता बदलण्याची पाळी आमची आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.