बर्फ नसलेल्या डोंगरात स्वागत



 हिमनद्यांवरची परिषद लोणावळ्यात कशाला, असं महिनाभर गाव आमच्या स्वागत समितीला विचारतंय. ‘बर्फ दाखवणार कुठला, गोळ्याचा?’ असंही एका चिक्कीवाल्याने ऐकवलं. खरंय, सह्याद्रीत हिमनदी नाही.

पण हिमनदी करते काय? पडलेलं साठवते आणि कोरड्या दिवसांत थोडं थोडं सोडते. आमच्या या मावळ भागात हे काम डोंगर करतो. आषाढ-श्रावणाचं पाणी माती, झाडोरा आणि काळ्या कातळाच्या भेगा धरून ठेवतात. दिवाळीनंतर ओढे वाहतात ते त्या पाझरावर. एवढ्या पावसाच्या मुलखात भाजे लेण्यांच्या कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी कातळात टाकी खोदली, ती काही हौसेने नव्हे.

हिमनदी आटू लागली की आधी नदी फुगते. काही दशकं जास्तीचं पाणी मिळतं, लोकांना सुकाळ वाटतो. मग साठाच सरत येतो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी मागे आधार उरलेला नसतो. हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या काळात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने झिजल्या. आमची फसगतही त्याच जातीची. डोंगर कापला, उतारावर सिमेंट ओतलं, की पावसाळ्यात इंद्रायणी जोरात येते, धबधब्यांवर गर्दी लोटते. आणि फाल्गुनात वाडीवरची बाई झऱ्यापाशी वाटीवाटीने हंडा भरत बसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या नावे केलं, चांगलंच केलं. आमच्या झऱ्याच्या नावे अजून एक दिवसही नाही.

त्यात इथलं पाणी इथलं राहत नाही. वळवण-लोणावळा तलावांचं १९१५ पासून विजेसाठी घाटाखाली खोपोलीला उतरतं, पवना धरणाचं पिंपरी-चिंचवडला जातं. तक्रार नाही. म्हणजे आहे, पण पाहुण्यांसमोर किती बोलावं? ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी तिकडे नेण्यासाठीच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात मावळातल्या बऊरला गोळीबार झाला, तीन माणसं गेली. तेव्हापासून मावळात पाण्याचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो.

असो. दुपारच्या जेवणात इंद्रायणी भात आहे. हे वाण आमच्या वडगावच्याच संशोधन केंद्राचं. उद्या सकाळी सहाला कुरवंड्याला, इंद्रायणीच्या उगमाकडे गाडी निघेल. चैत्र चालू आहे. पात्र ओलांडताना बूट काढावे लागणार नाहीत.