फाटलेला पंख



संक्रांतीच्या दिवसांत पतंग उडवताना तो फाटला, तर तुम्ही काय करता? चार शिते घेता, कागदाचा तुकडा घेता आणि ठिगळ चिकटवता. सदरा फाटला, तर आई सुई-दोरा घेऊन बसते. पण जमिनीपासून साडेतीनशे किलोमीटर उंचीवर, जिथे हवा नाही, दुकान नाही आणि उभे राहायला जमीनही नाही, अशा ठिकाणी एखादी मोठी वस्तू फाटली तर? ती वस्तू विजेने भरलेली असेल आणि तिची वीज बंदही करता येत नसेल तर? असे एकदा खरोखरच घडले. त्याची हकीकत आज मी तुम्हांला सांगणार आहे.

हकीकत अंतराळातली असली, तरी तिची सुरुवात जमिनीवर, एका गावात होते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात सनीव्हेल नावाचे शहर आहे. नावाचा अर्थ ‘ऊन्हाळी दरी’ असा काही करू नका बरे! ‘स्वच्छ उन्हाची दरी’ असा करा. पूर्वी तिथे जर्दाळूच्या आणि चेरीच्या बागा होत्या. पुढे बागा गेल्या आणि कारखाने व प्रयोगशाळा आल्या. आज तिथे कितीतरी मराठी कुटुंबेही राहतात. या सनीव्हेलमध्ये लॉकहीड मार्टिन या कंपनीचा मोठा कारखाना आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला वीज पुरवणारे आठ पंख तिथे तयार झाले.

पंख म्हणजे उडण्याचे पंख नव्हेत. हे सौर पंख. सूर्यप्रकाश पडला, की वीज तयार करणारी पातळ चकती तुम्ही पाहिली असेल. काही गणकयंत्रांवर ती असते. तिला सौरघट म्हणतात. अंतराळ स्थानकाच्या एकेका पंखावर असे ३२,८०० सौरघट बसवलेले आहेत. प्रत्येक घट साधारण तुमच्या तळहाताएवढा. पूर्ण उघडलेला पंख सुमारे ३५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद होतो. मोठी माणसे कबड्डी खेळतात, तशी तीन मैदाने एकापुढे एक मांडली, तर जवळजवळ एवढी जागा होईल.

एवढा पंख यानातून वर न्यायचा कसा? सनीव्हेलच्या अभियंत्यांनी तो घडीचा केला. कागदाचा पंखा आपण जसा पुढे-मागे दुमडतो, तशाच घड्या. पंखाचे दोन लांबलचक पट्टे पेट्यांमध्ये घडी घालून बसवायचे. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक खांब. वर गेल्यावर खांब हळूहळू लांब होतो आणि पट्टे उलगडत जातात. पट्टे उलगडताना वाकडेतिकडे होऊ नयेत, म्हणून त्यांच्यातून बारीक तारा ओवलेल्या असतात. घरातल्या पडद्याच्या कड्यांतून तार ओवतात ना, तसेच हे. या तारा लक्षात ठेवा. पुढे त्यांचेच काम आहे.

आपल्या गोष्टीतला पंख डिसेंबर २००० मध्ये अंतराळात उलगडला. स्थानक तेव्हा अपुरे होते. एकेक भाग वर नेऊन ते जोडणे चालू होते. पंखाची कायमची जागा अजून तयार नव्हती, म्हणून तो तात्पुरता स्थानकाच्या माथ्यावर बसवला. सहा वर्षे त्याने वीज दिली. मग डिसेंबर २००६ मध्ये तो पुन्हा मिटायचे ठरले. पण इतकी वर्षे उघडा राहिलेला पंख काही केल्या नीट मिटेना. घड्या अडत होत्या, तारा कड्यांत गुंतत होत्या. अंतराळवीर बाहेर गेले आणि त्यांनी पंखाची पेटी हलवून हलवून अडकलेल्या घड्या सोडवायचा प्रयत्न केला. त्यांत सुनीता विल्यम्सही होत्या. त्यांचे वडील मूळचे गुजरातचे. दोन दिवसांनी आणखी एकदा बाहेर जावे लागले, तेव्हा कुठे पंख मिटला.

जवळजवळ एक वर्ष तो मिटलेलाच राहिला. ऑक्टोबर २००७ मध्ये ‘डिस्कव्हरी’ हे यान वर गेले. यानाच्या प्रमुख होत्या पामेला मेलरॉय आणि स्थानकाच्या प्रमुख होत्या पेगी व्हिटसन. यान आणि स्थानक या दोन्हींच्या प्रमुख एकाच वेळी स्त्रिया असण्याची ही पहिलीच वेळ. पंख आता माथ्यावरून काढून स्थानकाच्या डाव्या टोकाला बसवला होता. ३० ऑक्टोबरला तो उलगडायला सुरुवात झाली. घडीमागून घडी सुटत होती. आतली माणसे लक्ष ठेवून होती. पण ऊन असे येत होते, की नीट दिसत नव्हते. एकाएकी पट्ट्यावर काहीतरी वाकडे दिसले. लगेच पंख थांबवला. पाहतात तो काय, पट्टा दोन ठिकाणी फाटलेला! मोठी चीर सुमारे पाऊण मीटर लांब होती.

आता काय करायचे?

एखादे दार अडले, तर आपण काय करतो? आधी ढकलतो. मग आणखी जोराने ढकलतो. त्यात बिजागरी मोडते. इथे तसे कोणी केले नाही. पंख पुढेही ओढला नाही, मागेही नाही. आहे तिथेच ठेवला. आतल्या माणसांनी त्याचे भराभर फोटो काढले आणि पृथ्वीवर पाठवले. ह्यूस्टन शहरातल्या नियंत्रण केंद्रात अभियंते ते फोटो मोठे करून पाहू लागले. चीर तर सर्वांनाच दिसत होती. पण चीर हे दुखणे होते. दुखण्याचे मूळ कुठे होते?

ते मूळ तारेत सापडले. सायकलच्या ब्रेकची जुनी तार पाहा. तिचा एखादा पेड तुटून कुसासारखा वर येतो आणि बोटाला टोचतो. पंखातल्या एका तारेचे तसेच झाले होते. तिचे पेड उसकटून त्यांचा गुंता झाला होता. तो गुंता पट्ट्यात अडकला. खांब तर वर ढकलतच होता. तार सोडीना आणि खांब थांबेना, तेव्हा मधला पट्टा फाटला. नुसती चीर सांधून पंख पुन्हा उलगडला असता, तर तो शेजारी पुन्हा फाटला असता. म्हणून आधी ती तार कापायची आणि मग चीर सांधायची असे ठरले. मला विचाराल, तर या साऱ्या हकीकतीत हा शोध सर्वांत मोलाचा होता, आणि तो लागला फोटो पुन्हा पुन्हा नीट पाहून.

तुम्ही विचाराल, फाटला तर फाटला, तेव्हा आणखी पाच पंख होतेच की! शिवाय गंमत अशी, की फाटलेला पंखही बहुतेक सगळी वीज देत होता. पण अर्धवट उलगडलेला पंख ताणलेला नसतो. तो डळमळतो. सूर्याकडे तोंड ठेवण्यासाठी त्याला सतत फिरवावे लागते आणि डळमळणारा पंख फिरवणे धोक्याचे असते. दुरुस्ती झाली नसती, तर तो तोडून अंतराळात सोडून द्यावा लागला असता. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, युरोप आणि जपान यांच्या प्रयोगशाळा स्थानकाला जोडायच्या होत्या. त्यांना वीज कोठून आणायची?

दुरुस्तीचे सामान मागवायला वेळ नव्हता. जे स्थानकात होते, त्यातच भागवायचे होते. शोधाशोध झाली. ॲल्युमिनिअमचा पत्रा मिळाला, तार मिळाली, चिकटपट्टी मिळाली. पृथ्वीवरून सूचना येत गेल्या, तसतसे आतल्या माणसांनी पत्रा कापला, भोके पाडली, तार ओवली आणि पाच मोठी बटणे तयार केली. सदऱ्याच्या बाहीला लावायची जोडबटणे तुम्ही लग्नकार्यात पाहिली असतील. एका भोकातून घालायचे, दुसऱ्या भोकातून बाहेर काढायचे, की बाहीच्या दोन्ही कडा जवळ राहतात. ही बटणे तशीच होती, फक्त दोन टोकांच्या मधली तार लांब होती. पट्ट्यावर आधीपासून काही पक्की भोके होती. चिरेच्या खालच्या भोकात एक टोक आणि वरच्या भोकात दुसरे टोक अडकवायचे, म्हणजे सगळा ताण तारेवर येईल आणि फाटलेल्या भागावर येणार नाही.

बटणे झाली. ती लावायला जायचे कोणी? या कामासाठी निवडले गेले स्कॉट पॅराझिन्स्की. ते मूळचे डॉक्टर. अंगाने उंच आणि हातही लांब. ते लांब हात फार उपयोगी पडणार होते. चीर इतकी दूर होती, की स्थानकाचा सतरा मीटरांचा यांत्रिक हातसुद्धा तिथवर पोचत नव्हता. तेव्हा यानातला सुमारे पंधरा मीटरांचा दांडा त्या हाताला जोडला. तो दांडा होता यानाचे बूड तपासण्यासाठी, माणसाला टोकावर उभे करण्यासाठी नव्हे. तरीही दांड्याच्या टोकाला पाय अडकवून पॅराझिन्स्की यांना तिथे न्यायचे ठरले.

आणि आता विजेचे संकट. घरातला दिवा दुरुस्त करताना आपण आधी बटण बंद करतो. सौरघटाला असे बटण नसते. त्याच्यावर ऊन आहे, तोवर तो वीज तयार करतच राहतो. तुमच्या शाळेच्या छपरावर किंवा शेतातल्या पंपाजवळ सौर पट्ट्या असतील, तर हे ध्यानात ठेवा. काच तडकलेली दिसली किंवा तार लोंबताना दिसली, तर हात लावू नका, मोठ्यांना बोलवा. पट्टी मोडली आहे म्हणून तिच्यात वीज नाही, असे समजू नका.

मग रात्री जायचे होते, असे तुम्ही म्हणाल. पण स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारते. तिथली रात्र पाऊण तासाचीसुद्धा नसते! तेवढा वेळ तर यांत्रिक हाताला चिरेजवळ पोचायलाच लागणार होता. म्हणून काम चालू विजेतच करायचे होते आणि वीज शंभराहून अधिक व्होल्टची होती. अंतराळवीराच्या पोशाखात शुद्ध ऑक्सिजन भरलेला असतो. तिथे ठिणगी उडून चालत नाही. पोशाखावरच्या आणि हत्यारांवरच्या धातूच्या सगळ्या जागा वीज न जाऊ देणाऱ्या पट्टीने गुंडाळल्या. शिवाय पॅराझिन्स्की यांच्याजवळ एक वाकड्या टोकाची काठी दिली. पंख अंगावर येऊ लागला, तर तिने त्याला अलगद दूर सारायचे. तिचा आकार पाहून सगळे तिला ‘हॉकी स्टिक’ म्हणू लागले!

३ नोव्हेंबर २००७ चा दिवस उजाडला. पॅराझिन्स्की दांड्याच्या टोकावर उभे राहिले. आत बसलेले अंतराळवीर यांत्रिक हात इंचाइंचाने हलवत होते. पंखाच्या बुडाशी डग्लस वीलॉक होते. पंख किती जवळ आला, कुठे हलला, हे ते तिथून पाहून सांगत होते. आता दार इतके लांब राहिले होते, की काही बिघडले असते, तर पॅराझिन्स्की यांना पटकन आत येता आले नसते.

शेवटी ते चिरेपाशी पोचले. दांडा पुरेपूर लांब झाला होता. त्यांनी आधी सारे जवळून पाहून घेतले. फोटोंत दिसला, तसाच तारेचा गुंता समोर होता. त्यांनी तार कापली. मग पहिले बटण घातले. जाड हातमोजे घालून सुईत दोरा ओवून पाहा, म्हणजे हे काम कसे असेल ते कळेल. एकामागून एक पाचही बटणे बसली. मग पॅराझिन्स्की यांना थोडे मागे नेले आणि आतून पंख उलगडायला सुरुवात झाली. एकदम नव्हे. थोडा उलगडायचा, थांबायचे, बटणांकडे पाहायचे, पुन्हा थोडा उलगडायचा. बटणांवर ताण आला, पट्टा सरळ झाला आणि पंख शेवटपर्यंत उघडला. त्या दिवशी ते दोघे सात तासांहून अधिक वेळ बाहेर होते.

पाच बटणे लावलेला तो पंख वर्षानुवर्षे वीज देत राहिला. जून २०२१ मध्ये त्याच्या पुढ्यात एक नवा, लहान सौरपट्ट बसवण्यात आला. नवा पट्ट घडीचा नाही. तो चटईसारखा गुंडाळून वर नेला आणि बसवल्यावर सुरळी सोडावी तसा आपोआप उलगडला. जुना पंख मात्र काढला नाही. नव्या पट्टाची सावली त्याच्या काही भागावर पडते. उरलेल्या भागावर ऊन पडते आणि तेवढी वीज तो देतो.