यादीत नाव नाही, म्हणून काय संपलं?

(सांगवी, ता. बारामती येथे महिला गटांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बारावीचा आणि प्रवेश परीक्षांचा निकाल लागला की घराघरातून एकच प्रश्न सुरू होतो, "पोरीचा नंबर कुठं लागला?" ज्यांचा लागला त्यांचं कौतुक आपण करतोच. ज्यांचा लागला नाही त्यांच्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

मुलाचा प्रवेश हुकला की घर म्हणतं, "पुढच्या वर्षी बघू." प्रसंगी उसाच्या बिलातून क्लासची फी भरली जाते. मुलीचा हुकला की पंधरा दिवसांत स्थळ सांगून येतं. "शिकून बघितलं ना, आता बास." कॉलेजनं नाकारलेली असते एक जागा. घर मात्र तिचं सगळं शिक्षणच बंद करून टाकतं. हा फरक आपण नीट ओळखला पाहिजे.

आधी साधा हिशेब मांडू. २०२४ साली 'नीट' परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलंमुली बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा, सरकारी आणि खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आत होत्या. आपल्या बारामतीत २०१९ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते वर्षाला १०० जागांचं. म्हणजे वीसजणांतले एकोणीस बाहेर राहणार हे पेपर हातात पडण्याआधीच ठरलेलं असतं. मग त्या एकोणीसांना 'ढ' का म्हणायचं? जागा कमी आहेत हा सरकारी धोरणाचा प्रश्न आहे. त्याची लाज आपल्या मुलीनं का वाहायची?

दुसऱ्या तऱ्हेचाही एक नकार असतो. कमला भागवत, म्हणजे नंतरच्या डॉ. कमला सोहोनी, यांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका तिथंच शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सी. व्ही. रामन. त्यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई गप्प घरी बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या, रामन यांना कारण विचारलं आणि प्रवेशाचा आग्रह सोडला नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेचं, काम पसंत पडलं तरच पुढं. मुलग्यांना अशी अट नव्हती. ते वर्ष त्यांनी काढलं, १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या, केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये तिथली पीएच.डी. मिळवली. त्यांचं काम पाहिल्यावर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत, हेही लक्षात ठेवू. यश मिळालं म्हणून अन्याय पुसला जात नाही.

तेव्हा नकार आला की पहिला प्रश्न विचारायचा, तो कशापायी आला? बाई म्हणून, जात म्हणून, पैसे नाहीत म्हणून आला असेल तर भांडायचं. जागा कमी, गुण कमी म्हणून आला असेल तर दुसरी वाट शोधायची. दोन्ही वेळी स्वतःला कमी लेखायचं नाही.

आता कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीकडे बघा. दुर्गा भागवत. त्यांचं पीएच.डी.चं काम दीर्घ आजारपणामुळे अर्धवटच राहिलं. पदवी मिळाली नाही, विद्यापीठातली मोठी खुर्चीही नाही. पण लोकसाहित्यात त्यांनी केलेलं काम आजही अभ्यासकांना टाळता येत नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगातही गेल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीला डॉक्टरेट, एकीला नाही. यशस्वी कोण, हे सांगता येईल का कुणाला?

कमलाबाईंचंही मोठेपण मला केंब्रिजच्या कागदात दिसत नाही. त्यांनी डाळी, दूध, नीरा अशा आपल्या खाण्यापिण्यातल्या पदार्थांवर संशोधन केलं. गरिबांच्या पोषणाला नीरेचा उपयोग कसा होईल हे तपासलं. पुढे मुंबईत ग्राहकांच्या चळवळीतही त्या राबल्या. शिकलेलं चार माणसांच्या उपयोगी पडलं, हे माझ्या मते यश. दुसरी खूण म्हणजे स्वतःच्या आयुष्याचा निर्णय स्वतः घेता येणं. आणि तिसरी, आपल्यामागून येणाऱ्या मुलीसाठी दार थोडं उघडं राहणं. या तीन खुणा एमबीबीएस झालेल्या बाईत असतील, तशाच नर्सिंग केलेल्या, डिप्लोमा केलेल्या, बी.ए. होऊन ग्रामपंचायतीत ठामपणे बोलणाऱ्या बाईतही असतील.

आपण काय करायचं ते सांगते.

निकालानंतरच्या आठवड्यात त्या मुलीच्या घरी जायचं, चौकशा करायला नव्हे, सोबतीला. ती जेवत नसेल, झोपत नसेल, जगणं नको म्हणत असेल तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा सरकारी मोफत फोन आहे, 'टेलिमानस'चा. तिथं मराठीत बोलता येतं. फोन लावून द्या आणि तिला एकटं सोडू नका.

फॉर्म भरताना जवळ बसा. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. दाखल्यांची तयारी निकालाआधीच करून ठेवा.

एक वर्ष मोकळं गेलं तर ते लग्नाचं वर्ष होऊ देऊ नका. आणि ज्यांचं होऊन गेलं, त्यांनीही वाट बंद समजू नये. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. सासूबाईंनो, सुनेचा परीक्षेचा दिवस तेवढा मोकळा ठेवा.

शेवटी मुलींना सांगते. यादी कॉलेजची असते, तिथं किती जागा भरल्या एवढंच ती सांगते. तुम्ही काय करू शकता हे त्या यादीला माहीत नाही. रडू आलं तर रडा, चार दिवस द्या मनाला. पाचव्या दिवशी आमच्याकडे या. आपण मिळून पुढचा फॉर्म भरू.