तिथलं वातावरण

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मी निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी वाजतो. कधी जुना विद्यार्थी, कधी गावाकडचे कोणी तात्या-अप्पा, कधी सोयऱ्याचा सोयरा. प्रश्न ठरलेला असतो : "सर, त्या कॉलेजचं वातावरण कसं आहे हो?"

प्रयोगशाळा कशी आहे, प्राध्यापकांच्या जागा भरल्यात की सगळं तासिका तत्त्वावर चाललंय, हे क्वचितच कोणी विचारतं. वातावरण मात्र सगळेच विचारतात. मी पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, पण या एका शब्दाचा अर्थ मला बराच उशिरा कळला. विचारणारा बदलला की तो बदलतो. मुलीचा बाप विचारतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गेटबाहेर मोटारसायकलवर बसलेली पोरं असतात. मुलाचा बाप विचारतो तेव्हा आपलं पोरगं त्याच मोटारसायकलवर जाऊन बसेल, ही धास्ती असते. आणि सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडून पोराला घेऊन आलेला बाप काहीच विचारत नाही. तो बाजूला उभा राहून इतरांचं बोलणं ऐकतो. आपल्या पोराच्या बोलण्याला इथं कोणी हसणार तर नाही ना, एवढंच त्याला पाहायचं असतं.

मग आवाज जरा खाली येतो आणि दुसरा प्रश्न निघतो : "संस्था कोणाची?" खानदेशात याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अमक्या समाजाची, तमक्या साहेबांची. ज्यांनी या संस्था काढल्या त्यांनी आपल्या भागातली पोरं शिकावीत म्हणून दारोदार वर्गणी मागितली, हे विसरून चालणार नाही. पण हजेरी मी घेत होतो, आणि हजेरीत सगळी आडनावं असायची. संस्थेची जात कार्यालयात आणि नोकरभरतीत जेवढी दिसते तेवढी बाकावर दिसत नाही. अजिबात दिसत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मधल्या सुटीत डबे उघडतात तेव्हा कोण कोणाशेजारी बसतं ते बघा, थोडं कळतं.

कॉलेजांवरचे बाकीचे शिक्के तर तुम्हाला पाठच असतील. या कॉलेजात नुसती फॅशन. त्या कॉलेजात राडे. तिसऱ्यात पुस्तकी किडे, चौथ्यात नापासांची भरती. मी एका गृहस्थांना विचारलं, "तिथं मारामाऱ्या होतात म्हणता, तुम्ही कधी पाहिल्या?" म्हणाले, "पाहिल्या म्हणजे? मी होतो ना त्यात!" साल होतं १९८७. तेव्हा कॉलेजात थेट निवडणुका होत. पॅनेल असत, जीप फिरत, आणि निकालाच्या संध्याकाळी काचा फुटत. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने त्या निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. ते बरं झालं की वाईट, हा वेगळा वाद आहे. माझ्या मते पोरांना भांडायला मिळायला हवं होतं, फक्त काचा सोडून. सांगायचं ते एवढंच, की या गृहस्थांचा मुलगा २००५चा. त्याचं कॉलेज ठरत होतं ते त्याच्या जन्माआधी फुटलेल्या काचांवरून.

हे आपल्याकडेच चालतं असं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन रिव्ह्यू नावाची एक कंपनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन कॉलेजांच्या याद्या छापत आली आहे. कुठलं जेवण चांगलं, कुठली पोरं अभ्यासू, आणि सगळ्यात गाजलेली यादी म्हणजे 'पार्टी स्कूल'ची, दारू नि धांगडधिंगा जास्त कुठं त्याची. त्या प्रसिद्ध प्रिन्स्टन विद्यापीठाशी या कंपनीचा काही संबंध नाही, ही त्यातली आणखी एक गंमत. आपण निदान छापत तरी नाही. आपण पारावर बोलतो.

आता जरा मागे जाऊ. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप, ही दोन्ही कॉलेजं १९४५ची. तेव्हा पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे. १९४९ला पुणे विद्यापीठ झालं, मग पुण्याची. १५ ऑगस्ट १९९०ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं आणि खानदेशातली कॉलेजं त्याला जोडली गेली. त्या वर्षी स्टाफरूममध्ये आणि घरोघरी जे ऐकलं ते मला आजही आठवतं. "पुण्याची डिग्री होती ती गेली. आता उमविची डिग्री कोण विचारणार?" प्राध्यापक तेच, इमारत तीच, अभ्यासक्रमही सुरुवातीला जवळपास तोच. बदललं होतं फक्त प्रमाणपत्राच्या डोक्यावरचं नाव. एका रात्रीत आम्ही सगळे कमी हुशार झालो!

पुढे बांभोरीजवळ, गिरणेच्या काठी, विद्यापीठाचा परिसर उभा राहिला. २०१८ला त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. आसोद्याची लेक, जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, जिची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली, तिच्या नावाने विद्यापीठ! मला याचा फार आनंद झाला होता. पण त्याच दिवसांत वर्गात एक मुलगी उत्तर द्यायला उठली आणि तिच्या तोंडून 'माझं' ऐवजी आपल्या अहिराणी बोलीतलं 'मनं' निघालं. मागून दोघं-तिघं हसले. ती खाली बसली ती वर्षभर पुन्हा उठली नाही. हसणारी पोरं कुठली होती? त्यांच्याही घरी अहिराणीच. बोलीत गाणाऱ्या बाईच्या नावाचं विद्यापीठ आणि घरच्या बोलीत बोललं की हसू! तेव्हापासून मला कोणी वातावरण विचारलं की मी म्हणतो, कॅन्टीनमध्ये जाऊन बसा आणि कान द्या. "कथा जाई राहिना भो?" असं कोणी मोकळ्या गळ्याने विचारतंय का ते ऐका. ऐकू आलं तर तुमचं पोर तिथं टिकेल.

ज्यांना पुण्याला जायचंय त्यांना तर हे आधी सांगायला हवं. पुण्याचे शिक्के आपण इथं बसून मारतो, पुणेकर असे नि पुणेकर तसे. पण महाराष्ट्र एक्सप्रेसमधून पहाटे उतरलं की शिक्का आपल्याच पाठीवर असतो. 'जळगावकडचा'. च-ज चे उच्चार, शेंगदाण्याच्या तेलाची तर्री, भरताची आठवण, सगळ्यासकट. हे सगळं एकाने केव्हाच लिहून ठेवलंय. भालचंद्र नेमाडे आपल्या जिल्ह्यातल्या सांगवीचे. शिकायला फर्ग्युसनला गेले. १९६३ला 'कोसला' आली. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याच्या होस्टेलवर गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची ती गोष्ट. मी ती दरवर्षी शिकवली, आणि दरवर्षी पोरं विचारत, "सर, तो परत का आला?" पुण्याने त्याला वाईट वागवलं असं त्या पुस्तकात नाही. तो तिथं मिसळतो, सभा-संमेलनांत असतो, खानावळीचा कारभारही अंगावर घेतो. तरी काहीतरी उसवत जातं. कॉलेज कितीही नावाजलेलं असो, रात्री नऊ वाजता खोलीवर कोण आहे, यावर पोरांचं बरंचसं ठरतं.

खोलीवरून साने गुरुजी आठवतात. ते कोकणातले, पालगडचे. अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला, आणि १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून राहिले. वसतिगृह त्यांच्याकडे होतं. मुलं शाळेत गेली की हे त्यांच्या खोल्या आवरून ठेवत, आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. रोज! आज एखाद्या वसतिगृहाच्या फलकावर गेल्या दिवाळीची सूचना लटकलेली दिसली की मला ते दैनिक आठवतं. पुढे नोकरी सोडून गुरुजी तुरुंगात गेले. १९३२ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या वर्षी खानदेशातलं सगळ्यात चांगलं वसतिगृह म्हणजे धुळ्याचा तुरुंग, असं मी वर्गात म्हणत असे.

पण श्रोतेहो, आपली बहुतेक पोरं वसतिगृहात राहतच नाहीत. ती अप-डाऊन करतात. एसटीचा पास, नाहीतर सुरत लाइनची पॅसेंजर, नाहीतर चाळीसगाव-धुळे गाडी. आणि इथं मला माझी एक चूक कबूल करायची आहे. माझा तास शेवटचा असे. दाराजवळच्या बाकावर सहा-सात पोरं बसत आणि तास संपायला दहा मिनिटं असताना दप्तर आवरायला लागत. मी त्यांना 'उडाणटप्पू बाक' असं नाव ठेवलं होतं. भर वर्गात म्हणायचो, वर्ग हसायचा. एकदा माझी स्कूटर बंद पडली म्हणून बसस्टँडवर गेलो, तर तीच पोरं गाडीच्या पायरीवर लोंबकळत होती. त्यातला एक मला बघून खाली उतरला आणि म्हणाला, "सर, तुम्ही बसा, मी पुढच्या गाडीने जातो." पुढची गाडी नव्हती. ती शेवटची होती, हे मला कंडक्टरने सांगितलं.

त्या पोरांनी तीन वर्षांत स्नेहसंमेलन पाहिलं नाही. 'युवारंग' या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची तालीम पाहिली नाही. वादविवाद मंडळाचा अध्यक्ष नेहमी शहरातला, कारण मंडळ साडेपाचला भरे. त्यांना कॉलेज कसं होतं विचारलं तर ती काय सांगणार? 'बरं होतं.' आणि ज्यांनी सगळं भोगलं ती चाळीस-पन्नास पोरं त्या कॉलेजची ओळख ठरतात. फॅशन त्यांची, राडे त्यांचे, करंडकही त्यांचेच. दोन-अडीच हजारांचं कॉलेज आणि बोलबाला पन्नास जणांचा. तेव्हा चौकशी करायची तर टॉपरकडे करू नका आणि संमेलनाच्या सेक्रेटरीकडेही नको. तुमच्यासारख्याच गावातून रोज येणाऱ्या पोराकडे करा. प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका. तेव्हा सगळीच कॉलेजं गोड बोलतात. आदल्या वर्षीच, ऑगस्ट-सप्टेंबरातल्या एखाद्या गुरुवारी, दुपारी चारनंतर जा. अभ्यासिकेचं कुलूप बघा, मुलींच्या कॉमन रूमचा पंखा बघा. नॅकच्या मानांकनाचा बोर्ड गेटवर असतोच, तो जाताना वाचता येतो.

परवा माझ्या चुलतभावाची नात आली होती. राहणार पारोळ्याची. पारोळा म्हणजे मोठं अडचणीचं ठिकाण : एका अंगाला धुळे, दुसऱ्या अंगाला जळगाव, अमळनेर सगळ्यात जवळ, आणि पोरीच्या मनात पुणे. तिला बी.एस्सी. करायचंय, आणि नाटकाचं वेड. घरात चार माणसं, चार मतं. आजी म्हणे अमळनेर, तिथली मुलं वळणदार. बाप म्हणे धुळे, मामा आहेत. काकाला जळगाव हवं, कारण काका स्वतः तिथं नापास झाला होता आणि कॉलेज कडक आहे असं त्याचं मत. मी तिला म्हटलं, "मोठी झालीस, स्वतः जाऊन बघ. सकाळी नको जाऊ."

ती गेली. एकटीच, एसटीने, तिन्ही ठिकाणी, तीन वेगळ्या दिवशी. सुट्ट्यांचे दिवस, कॉलेजं अर्धी ओस. एका ठिकाणी शिपायाने गेटवरूनच परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी कॅन्टीनवाल्याने चहा पाजला आणि तासभर संस्थेतलं राजकारण सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी हॉलमधून आवाज येत होता म्हणून ही आत डोकावली. पाच-सहा पोरं-पोरी एकांकिका बसवत होती. त्यांच्यात एक एरंडोलची मुलगी होती. हिने तिला नाटकाचं विचारलं नाही, कॉलेजचंही विचारलं नाही. फक्त विचारलं, "तू घरी कशी जातेस?"

रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "आबा, तालीम सहाला सुटते. शेवटची गाडी पावणेसातला आहे, आणि स्टँड चालत पंधरा मिनिटांवर."

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म भरला.