जुना लेथ घेताना

लाकूड कातायला शिकण्यासाठी जुना लेथ घेणार असाल, तर त्याच्या गंजाला फार घाबरू नका. गंज घासून निघतो. हेडस्टॉकचा, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या बाजूचा, स्पिंडल (फिरता दांडा) धरून वर-खाली, मागे-पुढे हलवून पाहा. तो खडखडला, तर बेअरिंग झिजलंय. ते बदलता येतं, पण भाव त्या हिशेबानं पाडून मागा. मग टेलस्टॉक, म्हणजे समोरचा सरकता आधार, पुढे सरकवा. हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोकं नेमकी समोरासमोर यायला हवीत. ती चुकली आणि जुळवून घेता येत नसतील, तर माझ्या मते सौदा सोडावा. पट्टा आणि वायर मात्र सरळ नवीनच टाका, अर्थिंगही तपासून घ्या.

लेथ तयार झाला, की कातायला सुरुवात लाटण्यापासून करा. गाठ किंवा चीर नसलेला तुकडा निवडा, वेग कमी ठेवा. हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या जवळ आणा आणि बटण दाबण्याआधी लाकूड हातानं पूर्ण फिरवून बघा. गोल पटाशी आधी पट्टीवर टेकते, मग लाकडाला लागते. हा क्रम कधीच उलटा नको. पॉलिश पेपर मारताना मात्र पट्टी काढून ठेवा, नाहीतर बोटं अडकतात. चेहऱ्यावर शील्ड हवीच. हातमोजे, ओढणी, लोंबत्या बाह्या घालून लेथपाशी उभं राहू नका.