चित्र आपलं, मग मेहनतानाही आपलाच

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचत आणि कर्जफेडीचा विषय पुढे आहेच. त्याआधी मला चित्रांवर बोलायचंय. चित्रांवर म्हणजे शेवटी पैशांवरच, ते कसं ते सांगते.

आपल्या गटांत हात चांगला असलेल्या बाया किती आहेत! कुणी मोठी ठिपक्यांची रांगोळी न चुकता काढते, कुणी चैत्रांगण काढते, कुणी नागपंचमीला भिंतीवर नाग रेखते, तांड्यावरच्या आपल्या मैत्रिणी आरसे लावून भरतकाम करतात. मी विचारलं की उत्तर येतं, "ते काय काम आहे का? ते तर येतंच की."

पण शाळेचं स्नेहसंमेलन आलं, कुठं महिला दिन आला की निरोप येतो, "ताई, जरा मुलींना रांगोळी शिकवा, तुमचा तर हातखंडा आहे." ताई दिवसभर उभी राहते, रंग घरचे नेते आणि नारळ नि गुलाबाचं फूल घेऊन परत येते. त्याच दिवशी खुरपायला गेली असती तर रोज मिळाला असता. खुरप्याचा रोज मागताना आपण लाजत नाही, मग रंगाचा मागताना का लाजायचं?

दोन ठिकाणच्या गोष्टी सांगते. पहिली आपल्या महाराष्ट्रातली. डहाणूकडच्या वारली आदिवासींत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हे पूर्वापार सवाष्णींचं काम. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिथं गेले आणि ती चित्रं कागदावर उतरवून घ्यायला त्यांनी सुरुवात केली. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. फार मोठा कलाकार माणूस. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि वारली चित्रं जगभर गेली. याचा आनंदच आहे. पण पिढ्यान् पिढ्या भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाष्णींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? मला तरी येत नाही.

दुसरी गोष्ट बिहारमधल्या मधुबनीची. तिथंही बायाच भिंती रंगवायच्या. १९६६-६७ च्या दुष्काळात तिथल्या बायांच्या हाताला काम मिळावं म्हणून त्यांना कागद देण्यात आला. ते काम करायला गेले होते तेच भास्कर कुलकर्णी. तिथं मात्र बायांनी चित्रं काढली आणि त्या बायांचीच नावं झाली. १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, पुढे सीता देवी, गंगा देवी यांनाही मिळाली. दुलारी देवी तर चित्रकारांच्या घरी धुणीभांडी करायच्या. तिथंच बघून शिकल्या आणि २०२१ साली त्यांनाही पद्मश्री मिळाली.

यातून मी एवढंच घेतलं की नुसती कला हातात असून भागत नाही. कागद गावात येतो तेव्हा पुढे कोण होतं आणि त्या कागदावर नाव कुणाचं लागतं, ते महत्त्वाचं. अजिंठा आपल्याच जिल्ह्यात आहे. चित्रं जगाला माहीत, काढणाऱ्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत.

आज आपल्याकडे तो कागद कार्यशाळेच्या रूपाने येतोय. शहरातले व्यावसायिक चित्रकार शाळांत, ग्रंथालयांत मुलांसाठी कार्यशाळा घेतात, चित्रांवर बोलतात आणि त्याची फी घेतात. आपणही घेऊ शकतो. आता हिशोब लिहून घ्या.

समजा, दोघीजणी ३० मुलांना २ तास शिकवणार आहेत. साहित्य मुलामागे २० रुपये, म्हणजे ६००. एसटीचं अर्धं तिकीट आणि पुढची रिक्षा मिळून दोघींचे २००. एक दिवस तयारीचा, एक दिवस शिकवायचा. रोज ४०० धरला तर दोघींचे १६००. एकूण झाले २४००, म्हणजे मुलामागे ८० रुपये. यात कलेचं मोल अजून धरलेलंच नाही, नुसती मजुरी धरली. म्हणून याच्या खाली उतरायचं नाही. कुठं फुकट करायचंच असेल, गावच्या अंगणवाडीत वगैरे, तर ते आपण ठरवून करू. पण साहित्याचा खर्च तिथंही आधी मागायचा.

आता शिकवायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट. आधी पाच मिनिटं सांगायचं की हे चित्र आपल्या घरी कधी काढतात, कुणी शिकवलं. मुलांना गोष्ट आवडते. मग पाटीवर किंवा रद्दी कागदावर सराव, आणि चांगला कागद शेवटी. म्हणजे चुकायची भीती जाते, कागदही वाया जात नाही. मुलाच्या हातातला ब्रश ओढून आपण रेघ मारायची नाही. वाकडी आली तरी त्याची त्याला काढू द्यायची. शेवटची पंधरा मिनिटं सगळी चित्रं मांडून प्रत्येकाला बोलू द्यायचं.

आणि एक, आपल्या घरचं आहे तेच शिकवू. वारली चित्रांना भौगोलिक मानांकन आहे, तो त्या लोकांचा वारसा आहे. आपण काढून "वारली" म्हणून विकणं बरं नाही. आपलं चैत्रांगण काय कमी आहे का?

बोलणी झाली की चार ओळी कागदावर घ्यायच्या: तारीख, मुलं किती, पैसे किती, कधी मिळणार. पत्रिकेवर, फलकावर ताईचं पूर्ण नाव आणि गटाचं नाव टाकायला सांगायचं. "बचत गटाच्या महिला" एवढंच नको. आणि पैसे ज्या ताईने काम केलं तिच्याच खात्यावर. घरच्यांच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही.

पुढच्या सभेला येताना प्रत्येक गटाने आपल्यातल्या दोन नावांची चिठ्ठी आणायची, काय शिकवता येतं ते लिहून. पहिल्या कार्यशाळेला मी सोबत येईन, मागच्या बाकावर बसेन. शिकवणार तुम्ही.

जय जिजाऊ, जय सावित्री!