साधेपणाचे कष्ट



साधेपणा हा आपल्याकडे फार स्तुति पावलेला आणि फार थोडा तपासला गेलेला गुण आहे. अमका मनुष्य साधा राहतो असें कोणी म्हटलें कीं आपण मान डोलावतों. त्याच्या साधेपणाची किंमत कोण देतें हें मात्र विचारीत नाहीं. हाच प्रश्न आज मी एका नव्या जागीं विचारून पाहणार आहें. मोबाइलच्या व संगणकाच्या पडद्यावर दिवसांतून अनेकदां आपण जीं पानें उघडतों, त्यांच्या रचनेंत साधेपणा म्हणजे काय, आणि तोच शब्द घरांत वापरला म्हणजे त्याचा अर्थ काय होतो, एवढाच माझा विषय आहे.

जगांतलें पहिलें वेबपान १९९१ सालीं लोकांपुढें आलें. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं तें तयार केलें होतें. साधा मजकूर, आणि एका मजकुरावरून दुसऱ्याकडे नेणारे दुवे, याखेरीज त्यांत कांहीं नव्हतें. १९९३ मध्यें मोझेक नांवाचा ब्राउझर निघाला, मजकुराच्या शेजारींच चित्रें दिसूं लागलीं, आणि मग पानें जत्रेंतल्या दुकानांप्रमाणें सजूं लागलीं. आज सर्वसाधारण वेबपानाचें वजन दोन मेगाबाइटांच्या वर जातें. तेवढ्या जागेंत देवनागरींतली एक जाडजूड कादंबरी सुखानें मावेल. बातमीच्या चार ओळी वाचण्यासाठीं आपण कादंबरीएवढें ओझें उतरवून घेतों, आणि त्या ओझ्यांत चित्रें, जाहिराती व आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या आज्ञावली यांचाच भरणा असतो. ज्याच्या घरीं जलद जोडणी आहे त्याला हें जाणवत नाहीं. जो एस. टी.च्या थांब्यावर उभा राहून, मोजून विकत घेतलेल्या डेट्यावर परीक्षेचा निकाल उघडूं पाहतो, त्याला जाणवतें.

साध्या पानाचें उदाहरण म्हणून नेहमीं गूगलचें नांव घेतात. १९९८ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीच्या पानावर नांव, एक रिकामी चौकट व दोन बटणें, जवळजवळ एवढेंच असे. त्यामागें मोठें तत्त्वज्ञान होतें असें मानण्याचें कारण नाहीं. आरंभींच्या वर्षांपासून तेथें काम केलेल्या मेरिसा मेयर यांनींच सांगितलें आहे कीं संस्थापकांना पान रचण्याची भाषा फारशी येत नव्हती. त्यांनीं सांगितलेली दुसरी हकीकत अधिक मनोरंजक आहे. हें पान कांहीं लोकांना वापरावयास दिलें तेव्हां ते नुसते बघत बसले. कशाची वाट पाहतां, असें विचारतां कळलें कीं बाकीचें पान यावयाचें आहे अशी त्यांची समजूत! अखेर तळाशीं स्वामित्वहक्काची एक बारीक ओळ घातली. कायद्यासाठीं नव्हे, पान येथें संपलें हें कळावें म्हणून. गर्दीची संवय झालेल्या डोळ्यांना मोकळी जागा अपुरी वाटते. लग्नाच्या पंगतींत चार पदार्थांवर वाढप थांबलें तर आपले पाहुणेहि असेच वाढप्याच्या वाटेकडे पाहत बसतील.

माझ्या मतें याहून मोठें काम ब्रिटिश सरकारनें केलें. निरनिराळ्या खात्यांची विखुरलेली माहिती एका जागीं आणण्यासाठीं २०१२ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं गव्ह डॉट यूके हें संकेतस्थळ सुरू केलें. पूर्वीं आपलें काम कोणत्या खात्याकडे आहे हें नागरिकाला आधींच ठाऊक असावें लागे, तेव्हां कोठें त्याला योग्य दार सांपडे. नव्या पानावर या विद्येची गरज उरली नाहीं. सार्वजनिक सुटी केव्हां आहे असें विचारलें कीं पुढची तारीख ठळक मोठ्या अक्षरांत समोर येते, आणि बाकीची यादी तिच्याखालीं. शोभेचें चित्र नाहीं, मंत्रिमहोदयांचें हंसरें छायाचित्रहि नाहीं. (आपल्याकडील सरकारी संकेतस्थळें पाहिलेल्या श्रोत्यांना या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.) २०१३ सालीं लंडनच्या डिझाइन म्युझियमनें वर्षांतील सर्वोत्तम रचनेचा मान या निरलंकार संकेतस्थळाला दिला, आणि त्या वर्षींच्या निवडींत लंडनची शार्ड ही गगनचुंबी इमारतहि होती!

हें काम करणाऱ्या मंडळींनीं आपलीं तत्त्वें लिहून ठेवलीं आहेत. त्यांतील एकाचा आशय असा कीं, गोष्ट साधी करण्यासाठीं जे कष्ट पडतात ते आपण घ्यावे. नियम दहा खात्यांत गुंतलेले असतातच, आणि तो गुंता कोणीं तरी सोडविलाच पाहिजे. तो कचेरींत बसून एकदां सोडविला तर नागरिकाला एक ओळ वाचावी लागते. न सोडविला तर तोच गुंता लाखों माणसें आपापल्या घरीं सोडवीत बसतात. कष्ट नाहींसे होत नाहींत, फक्त खांदे बदलतात.

साधेपणाचें सोंग ओळखण्याची खूणहि यांतच आहे. हल्लीं कित्येक पानें दिसावयास अगदीं सोज्ज्वळ असतात: फिकट करडीं अक्षरें, भोंवतीं भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यांत तीन आडव्या रेघा. पण तेथें तक्रारीचा दूरध्वनिक्रमांक शोधूं लागा, किंवा वर्गणी बंद करण्याचें बटण! त्या तीन रेघांच्या पोटांत, चवथ्या पायरीखालीं, तें कोठें तरी दडविलेलें असतें. अक्षर व पार्श्वभूमि यांच्या उजळपणांत निदान ४.५ ला १ असें प्रमाण असावें असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे; साठी उलटलेल्या डोळ्यांचा विचार त्यांत आहे. फिकट अक्षरांच्या हौसेपायीं तोहि मोडला जातो. पान सुंदर दिसतें, आणि वाचणारा चष्मा पुसत राहतो.

आतां हाच हिशेब घरांत मांडूं. जुन्या वाड्यांतल्या माजघराचें वर्णन करतांना आपले लोक गहिंवरतात. खुंट्या, कोनाडे, एखादें फडताळ. त्याच जागेंत दुपारीं पंगत, रात्रीं अंथरुणें. वस्तु थोड्या होत्या हें खरें. पण पाट मांडणें, उष्टीं काढणें, जमीन सारवणें, अंथरुणें घालणें व पहांटे तीं गुंडाळणें हें कोण करी? ती खोली रिकामी दिसे, कारण घरांतल्या बायका ती दिवसांतून चार वेळां रिकामी करीत असत. आजच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींच्या दिवाणखान्याची कथा फारशी वेगळी नाहीं. पाहुण्यांच्या नजरेला पडणारी मोकळीक सकाळीं आठला येणाऱ्या बाईंनीं केलेली असते.

साधेपणाचें नांव निघालें कीं गांधीजींचें स्मरण होणारच. १९३६ सालीं ते वर्ध्याजवळच्या सेवाग्रामास राहावयास आले. तेथील माती, बांबू व कौलें यांची कुटी आजहि पाहावयास मिळते. १९७८ सालीं इव्हान इलिच या विचारवंतानें तेथें येऊन त्या कुटीवरच एक व्याख्यान दिलें. मला त्या कुटीपेक्षां तेथील एक नियम मोठा वाटतो: आश्रमांत झाडलोट व संडाससफाई हीं सर्वांचीं कामें होतीं. पण त्या नियमापर्यंतचा रस्ता कसा होता? १८९८ च्या सुमारास डर्बनच्या घरीं पाहुण्याचें मूत्रपात्र कस्तुरबांनीं उचलावें, तेंहि हंसतमुखानें, असा गांधीजींचा हट्ट होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलें पाहून ते संतापले, आणि हात धरून त्यांना दाराबाहेर घालवूं लागले. ही हकीकत त्यांनीं स्वतःच आत्मचरित्रांत लाज न राखतां लिहिली आहे. तत्त्व एकाचें आणि पात्र दुसऱ्याच्या हातीं, असा तो साधेपणा होता.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आजी किंवा आजोबांच्या हातीं नवा मोबाइल आला असेल. दुकानांतून येतांनाच त्यावर पन्नास चित्रें असतात. नातवानें एका रविवारीं बसून तीं काढावीं, अक्षर मोठें करावें, आणि पहिल्या पडद्यावर चारच गोष्टी ठेवाव्या. मात्र त्या चार कोणत्या हें आजीला विचारून ठरवावें. आणि तिनें पत्त्यांचा खेळ सांगितला तर तो निमूटपणें सर्वांत वर ठेवावा.